मठाच्या अंगणातला घाट

"आणि लघवीला कुठं थांबायचं?" महाराजांनी विचारलं.

रणधीर सरनोबत क्षणभर गडबडला, पण लगेच सावरला. तीही सोय त्यानं करून ठेवली होती.

"करूळ घाट चढून आलं की, महाराज. डाव्या हाताला करवंदीच्या जाळ्या आहेत. आडोसा चांगला आहे, आणि वारा पाठीमागून येतो."

"वारा पाठीमागनं?"

"तपासून आलोय."

महाराजांनी मान डोलावली. कौतुकानं की कशानं, ते रणधीरला कळलं नाही.

खडकेवाडीच्या माळावर बाळाप्पा महाराजांचा मठ आहे. मठ म्हणजे काय, तर पत्र्याची एक पडवी, एक कडुनिंब, एक गाय आणि मागच्या भिंतीवर थापलेल्या शेणी. त्या भिंतीकडं तोंड करून रणधीरची बुलेट डबल स्टँडवर उभी होती. तिची टाकी इतकी पुसलेली होती, की गाय मघापासून तिच्यात स्वतःला बघत होती.

रणधीर कोल्हापूरचा. स्वतःची फौंड्री, भरदार मिशा, आणि रविवारी त्याच्यामागं चाळीस गाड्या रांगेनं निघायच्या. राइड आखावी तर सरनोबतांनीच, असं लोक म्हणायचे. लोक म्हणाले नाहीत तर तो स्वतः म्हणायचा. साइड स्टँड वर न घेता कुणी निघालाच, तर त्याला दिवसभर रांगेच्या शेवटी चालावं लागे. इतरांना रस्त्यानं येणारेजाणारे ओरडून सांगतात, "ओ पाव्हणं, स्टँड!" रणधीरला असं कुणी कधी ओरडलं नव्हतं, आणि ही गोष्ट तो नव्या माणसाच्या कानावर पहिल्या भेटीतच घालायचा.

एक गोष्ट मात्र त्याला काही केल्या जमत नव्हती. महाराज त्याला अनुग्रह देत नव्हते.

कित्येक वर्षं तो गुरुवार चुकवत नव्हता. नारळ ठेवायचा, पाया पडायचा, आणि महाराज म्हणायचे, "बघू." त्याच्या मागून आलेल्यांच्या कानात मंत्र पडले. दूध डेअरीच्या सेक्रेटरीला मिळाला. इतकंच काय, त्याच्या सख्ख्या मेव्हण्यालाही मिळाला, जो स्वतःच्या लग्नालासुद्धा उशिरा आला होता. हे रणधीरला फार लागलं होतं. जेवणाच्या पंगतीत मेव्हणा डोळे मिटून काहीतरी पुटपुटायला लागला, की रणधीरच्या घशाखाली घास उतरत नसे.

मग मागच्या महिन्यात महाराजच आपणहून म्हणाले होते, "मला एकदा तुझ्या गाडीवरनं फिरवून आण. दिवसभर. गर्दी नको, आडवाटेनं. मग कान आण तुझा."

तेव्हापासून रणधीरचं फौंड्रीत लक्ष नव्हतं.

दिवस ऊसतोडीचे. मोठ्या रस्त्यावर ट्रॅक्टर, त्यामागं दोन-दोन ट्रॉल्या, ट्रॉलीवर डोंगराएवढा ऊस, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर कर्णा लावून गाणी. अशा दिवसांत शांत रस्ता हुडकायचा म्हणजे चेष्टा नव्हे. पण रणधीरनं हुडकला होता. पुन्हा पुन्हा जाऊन, उतरून, उभं राहून बघून आला होता. सगळं त्याच्या डोक्यात पक्कं होतं. उद्या पहाटे निघायचं होतं.

"सांग पुन्हा एकदा," महाराज म्हणाले.

"खाली गावात न उतरता माळामाळानं जायचं. पुढं धरणाच्या पाण्याकडेनं रस्ता आहे. आपण तिथं पोचलो की सूर्य बरोबर समोरच्या डोंगरावर येतो. तिथं चहा. बाई चांगला करते. तिला सांगून ठेवलंय, उद्या मोबाईलवर गाणी लावायची नाहीत."

"मग?"

"मग जंगलातला रस्ता. तिथं एक धनगर मेंढरं घेऊन आडवा येतो. त्यालाही सांगितलंय, उद्या येऊ नको."

"मग मेंढरं काय खाणार उद्या?"

याचा विचार रणधीरनं केलेला नव्हता. "दुसरीकडं खातील की, महाराज."

"आन् कुत्री?"

"दोन गावांत भुंकतात. तिथं हळू जायचं."

"त्यांना सांगितलं न्हाईस?"

पडवीत ज्वारी निवडत बसलेला सेवेकरी गणपा खाली मान घालून हसला. रणधीरनं तिकडं बघितलं नाही.

"मग भुईबावडा घाट. घाटाच्या तोंडाशी थांबायचं, महाराज. खाली सगळं कोकण दिसतं. अशी जागा काढलीय, की तुम्ही बघतच राहाल. मग घाट उतरायचा, जेवायचं, करूळनं वर यायचं..."

"करवंदीच्या जाळ्या."

"हो. आणि दिवेलागणीच्या आत परत मठात."

महाराजांनी बुलेटकडं बघितलं.

"तोंडानं सांगून मला काय समजंना बघ. माझं आयुष्य या माळावर गेलं. मी मागं बसतो. तू ने."

"नेणारच आहे की उद्या."

"उद्याचं उद्या. आत्ता सांगतोस ते बसून ऐकतो."

महाराज उठले, धोतराचा सोगा खोचला आणि डबल स्टँडवरच्या बुलेटवर टांग टाकून बसले. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण चढला लीलया. मागं बसून त्यांनी पुढच्या रिकाम्या सीटवर थाप मारली.

गुरूच्या पुढं बसायचं म्हणून रणधीरनं आधी वाकून नमस्कार केला. मग बसला.

"हेल्मेट?"

"उभ्या गाडीवर, महाराज?"

"आडवाटंलाच हवालदार असतोय."

रणधीरनं हेल्मेट घातलं.

"चालू केलीस?"

"केली."

"आवाज यीना."

रणधीरनं अंगणात नजर फिरवली. गणपा होता, गाय होती, तिसरं कुणी नव्हतं, हे त्यातल्या त्यात बरं.

"डुग डुग डुग..." तो हेल्मेटच्या आतल्या आत म्हणाला.

"फौंड्री हाय न्हवं तुझी? आवाज कसला बारीक!"

"डुग! डुग! डुग! डुग!"

गाय दोन पावलं मागं सरली.

"आता कसं," महाराज समाधानानं म्हणाले आणि त्यांनी रणधीरचं जाकीट दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

माळ संपला. धरण आलं. रणधीर तोंडानं रस्ता सांगत होता आणि मधे मधे डुगडुग करत होता. सूर्य डोंगरावर आला, तसं त्यानं सांगितलं. चहाची बाई आली, तसं त्यानं तेही सांगितलं.

"कुठं हाय चहा?"

"चहा... उद्या, महाराज."

"बाई आली, आन् चहा उद्या?" महाराजांनी मान वळवली. "गणपा!"

गणपानं दोन कप आणून दिले. महाराजांनी गाडीवर बसूनच बशीत ओतून फुर्र फुर्र करत चहा घेतला. "बाई चांगला करते, खरं हाय," ते म्हणाले. गणपा लाजला. रणधीरनं हेल्मेटची काच वर करून आपला कप कसाबसा संपवला, आणि अर्धा चहा मिशांना लागला.

"आता जंगल," तो म्हणाला. "अगदी शांत. कोणी नाही. डुग डुग डुग..."

"बेंऽऽ!"

कानामागून एवढ्या जवळून मेंढरू ओरडल्यावर रणधीरचा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

"धनगर इसरला वाटतं तुझं सांगणं," महाराज म्हणाले. "हं. गेली मेंढरं. चल."

पुढं वळणं आली. रणधीर "डावं वळण" म्हणाला, की महाराज डावीकडं झुकत. "उजवं" म्हणाला, की उजवीकडं. भुईबावड्याच्या अलीकडच्या एका वळणाला ते एवढे झुकले, की बुलेट स्टँडवर डगमगली आणि गणपा ज्वारीचं सूप टाकून धावत आला.

रणधीरला आता राग यायला लागला होता. ज्याच्यामागं चाळीस गाड्या चालतात, तो माणूस शेणीच्या भिंतीपुढं बसून तोंडानं इंजिन वाजवत होता. मेव्हण्यानं बघितलं तर? पण त्या रागाच्या खाली भीतीही होती. हीच परीक्षा असली तर? म्हणून तो एकही वळण गाळत नव्हता. घामानं त्याचं जाकीट आतून भिजलं होतं आणि घसा बसला होता.

"थांबलो, महाराज," तो एकदाचा म्हणाला. "घाटाचं तोंड. हे बघा, खाली सगळं कोकण."

समोर भिंत होती. भिंतीवर शेणी होत्या, आणि प्रत्येक शेणीवर थापणाऱ्या हाताची पाच बोटं होती.

महाराज बघत राहिले. बराच वेळ...

"आहाहा," ते हळूच म्हणाले. "किती खोल... आन् खाली ते पांढरं काय चमकतंय रं? नदी हाय व्हय?"

"असेल, महाराज."

"असंल? तू जाऊन आलास न्हवं?"

रणधीरनं आठवून बघितलं. गाडी कुठं लावायची ते आठवलं. ऊन कुठून येतं ते आठवलं. महाराजांना कुठल्या दगडावर बसवायचं, तो दगडसुद्धा आठवला, त्यावरचं शेवाळ त्यानं स्वतः खरवडलं होतं. खाली नदी होती की नव्हती, ते काही आठवेना. त्याला लाज वाटली.

"बघितली नाही, महाराज."

एकदम महाराजांनी रणधीरच्या खांद्यावर चापट मारली.

"थांब, थांब! म्हातारी हात करतीया."

"थांबलेलोच आहोत आपण. आणि त्या कड्यावर म्हातारी कुठली, महाराज? मी एवढ्या वेळा जाऊन आलो, तिथं कुणी म्हणजे कुणी नसतं."

"मग ही कोण?"

रणधीरनं मान वळवली. मठाच्या फाटकाशी खरोखरच एक म्हातारी हात वर करून उभी होती. खालच्या वस्तीवरची तानूबाई. काखेत गाठोडं, हातात स्टीलचा डबा, आणि चढ चढून आल्यामुळं लागलेली धाप. महाराज मोटारसायकलवर कसे, याचं तिला काही नवल वाटलेलं दिसलं नाही.

"महाराज, लांब निघालासा?" तिनं विचारलं. निघालेल्या माणसाला कुठं म्हणून विचारू नये, एवढी रीत ती घाईतही पाळत होती.

"लांब जाऊन आलो," महाराज म्हणाले. "तू?"

"लेकीच्या पोराचं बारसं हाय की उंबरवाडीला. दुपारी पाळण्यात घालायचंय. खाली फाट्यावर उभं राहून राहून पाय मोडलं, यस्टी काय यीना. म्हटलं, तवर अंगारा तर घेऊन यावं." तिनं पदरानं डोळे पुसले. "मी गेल्याबिगर पाळणा हलवायचा न्हाई म्हणून पोरगी हटून बसलीया. पयलंच हाय तिचं. लई वर्सांनी झालं."

महाराजांनी कनवटीची पुडी काढून चिमूटभर अंगारा तिच्या हातावर ठेवला. तिनं तो पदराच्या टोकाला बांधला आणि गाडीकडं बघितलं.

"वाटंत सोडतासा?"

"आपल्या वाटंवर हाय का रं उंबरवाडी?" महाराजांनी विचारलं.

"नाही, नाही," रणधीर घाईनं म्हणाला. "एकदम उलट्या अंगाला. कारखान्याच्या रस्त्यावर. सगळ्या ट्रॉल्या तिकडनंच जातात, महाराज. धूळ, कर्णे, खड्डे... तो रस्ता तर मी पहिल्याच दिवशी वगळला."

"मग न्हाई म्हण तिला."

रणधीर नाही म्हणायला वळला. दर रविवारी तो चाळीस जणांना नाही म्हणायचा, त्याला त्यात काही अवघड वाटत नसे. पण तो वळेपर्यंत महाराज पुढं सरकले होते, आणि तानूबाई कॅरियर धरून, एका अंगाला पाय सोडून, मागं बसलीसुद्धा होती. खांद्यावरून एक डबा पुढं आला आणि रणधीरच्या मांडीवर टेकला.

"धर बाबा. डिंकाचं लाडू हायत बाळंतिणीचं. आदळू नको, फुटतील."

रणधीरनं डबा धरला.

"झालं बसून," तानूबाई म्हणाली. "चला."

तिघं गाडीवर. समोर भिंत. गाय रवंथ करत उभी...

"निघायचं न्हवं?"

"मावशी," रणधीर म्हणाला, "ही गाडी आत्ता जात नाही."

"बंद पडलीया?"

"छे छे! अजून एकदाही बंद पडलेली नाही."

"त्याल संपलंय?"

"टाकी फुल आहे. उद्यासाठी भरून ठेवलीय."

"मग तुला चालवाय येत न्हाई व्हय?"

गणपा तोंडावर उपरणं धरून गाईच्या पलीकडं गेला.

रणधीरचे कान तापले. "येते की! मी चालवतो म्हणजे... आख्ख्या कोल्हापुरात विचारा."

"मग?" तानूबाई म्हणाली.

तिनं काही टोमणा मारला नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं. गाडी धड होती, तेल होतं, चालवणारा वर बसला होता, ऊन चढत चाललं होतं, आणि तिकडं नातू पाळण्याबाहेर होता.

महाराज हळूच एका बाजूनं उतरले. कमरेवर हात ठेवून मागं झुकले, आणि दिवसभराचा प्रवास झालेल्या माणसासारखे कण्हले.

"आलो बाबा घरी. लई झ्याक फिरवलंस, रणधीर."

"फिरवलं कुठं, महाराज? उद्या..."

"उद्या परत? तेच?" महाराजांनी हात जोडले. "मला म्हाताऱ्याला लागोपाठ दोन दिवस घाट झेपायचा न्हाई."

धनगर, चहावाली, खरवडलेला दगड, पाठीमागून येणारा वारा... सगळं रणधीरच्या डोळ्यांपुढून गेलं. मेव्हणाही गेला, डोळे मिटून पुटपुटत. आणि खरं सांगायचं तर, एवढा मोठा मिशाळ माणूस, पण त्याचे डोळे भरून आले.

"मग अनुग्रह, महाराज?" त्याचा आवाज बसलेला होता, तो आणखी बसला.

महाराजांनी त्याच्याकडं बघितलं. थट्टा त्यांच्या तोंडावरून गेली होती.

"दिवसभर फिरवलंस. आडवाटेनं फिरवलंस. शब्द म्हंजे शब्द," ते म्हणाले. "कान आण."

रणधीरला खरं वाटेना. त्यानं हेल्मेट काढून आरशाला अडकवलं. मग एकदम त्याला आठवलं आणि तो उतरायला लागला. "महाराज, एकच मिनिट. सोवळं आणलंय. बॅगेत नारळ आहे, फुलं आहेत. हातपाय धुऊन, पूर्वेला तोंड करून..."

"बस खाली."

"पण असं, गाडीवर..."

"कान गाडीवर असतोय का जमिनीवर, त्याला काय ठावं? बस."

"निदान हा डबा तरी ठेवतो..."

"डबा धरून ठेव. लाडू फुटतील."

रणधीर डबा पोटाशी धरून बसला. दुसऱ्याचा मंत्र आपल्या कानावर पडू नये, म्हणून गणपानं भिंतीकडं तोंड केलं. तानूबाईलाही ते ठाऊक होतं. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि दोन्ही तळहात कानांवर गच्च दाबून धरले.

"तेवढं लवकर करा हं, महाराज," ती कान झाकूनच मोठ्यानं म्हणाली. "पाळणा खोळंबलाय."

महाराजांनी रणधीरच्या डोक्यावर हात ठेवला. हात जड होता आणि ऊबदार होता. मग ते वाकले. दाढी गालाला लागली, तपकिरीचा वास आला. रणधीरनं डोळे मिटले. सगळे गुरुवार त्याच्या उजव्या कानाशी गोळा झाले होते, आणि तो कान असा टवकारला होता, की गाईनंही आपला कान हलवला नाही.

महाराज अगदी हळू, त्याच्या एकट्यापुरतं, कानात म्हणाले,

"स्टँड काढ."